मी-२६ला ‘पांढरा हत्ती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाट: काल इथे एकाने आपल्या हवाई दलाच्या अवजड हेलिकॉप्टरांबद्दल लिहिलं, ‘मी-२६ पांढरा हत्ती होता, चिनूक आलं, प्रश्न मिटला.’ काय मिटलं? वीस टन उचलणाऱ्या रशियन मी-२६ची जागा दहा टनवालं अमेरिकन चिनूक कसं घेणार? केदारनाथच्या पुनर्बांधणीला अवजड यंत्रं वर नेली ती मी-२६नेच. २००२मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचं बंद पडलेलं चिनूकसुद्धा मी-२६नेच पोटाखाली टांगून आणलं. यापुढे अजून काय पुरावा हवा?

ओझरकर: वीस टन सखल भागात, राव. आपल्याला लडाखमध्ये उडायचंय. मी-२६ची कमाल उंची ४,६०० मीटर, चिनूक ६,००० गाठतं. एम-७७७ तोफ चार-सव्वाचार टनांची, ती चिनूक लटकवून नेतं. त्याला शेपटीचा रोटर (पंखा) नाही. दोन्ही रोटर उलट दिशेने फिरतात, म्हणून सगळी ताकद उचलण्यात जाते. आणि एका यंत्रात सगळं कोंबलं की काय होतं ते ऑगस्ट २००२मध्ये चेचन्यातल्या खानकालाला रशियाच्या मी-२६वर दिसलं. एक क्षेपणास्त्र, सव्वाशेच्या वर माणसं गेली.

रानवाट: तिथे क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली होती. तो दोष भरणाऱ्यांचा.

जुना फिटर: भांडा दोघं. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती करणारा, होतो, हेलिकॉप्टरांवरच आयुष्य गेलं. पार्ट नाही म्हणून धडधाकट मशीन महिनोन्‌महिने हँगरात उभं बघितलंय. एका सीलसाठी कागद फिरत राहायचे आणि वैमानिक येऊन आम्हालाच विचारायचे, ‘कधी देताय?’ आपल्याकडे मी-२६ होती चार. २०१०ला जम्मूत एक कोसळलं, शेवटी उडण्याजोगं एखादंच उरलं. ते उंचीमुळे नाही, सुट्या भागांमुळे!

ओझरकर: काका, मग हेच म्हणतोय ना मी! परक्याच्या भरवशावर...

जुना फिटर: थांबा. चिनूक काय नाशकात बनतं? २०२२मध्ये इंजिनाला आगी लागल्या म्हणून अमेरिकेच्या सैन्याने स्वतःचा अख्खा ताफा जमिनीवर ठेवला. आपली १५ आहेत म्हणून खुशीत राहू नका. गोदामात पार्ट किती, ते विचारा.

सह्याद्री४७: म्हणूनच आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) १३ टनी हेलिकॉप्टर लवकर यायला हवं.

रानवाट: १३ टन हे त्याचं स्वतःचं वजन धरून, भार नव्हे! तसं धरलं तर मी-२६ भारासकट ५६ टनांपर्यंत उडतं. विषय भरकटवू नका.

सह्याद्री४७: भरकटवत नाही. स्वतःचं बनवता येत नाही, तोवर दोन्ही बाजूंची फुशारकी उसनी आहे. राग आला तरी हेच सांगेन.

ओझरकर: रस्ता नसलेल्या ठिकाणी मोठा बुलडोझर अख्खा न्यायचा तर मी-२६ लागतं, एवढं मान्य. तोफ, दारूगोळा, जवान हे रोजचं काम चिनूकचंच.

रानवाट: रोजच्या कामावर वाद नव्हताच. दरड कोसळून खोरं तुटल्यावर तो बुलडोझर कोण नेणार, ते सांगा.