एआर-१५ रायफल अडकली की लगेच हँडल ओढायचं का?

ह्यूस्टनवाला: मंडळी, इकडे टेक्सासमधे मित्राच्या एआर-१५ वर नेमबाजीच्या रेंजला जायला लागलोय. काल मधेच नेहमीचा आवाजच आला नाही, नुसतं फुस्स झालं आणि काडतुसाची रिकामी केसही बाहेर पडली नाही. पुढचं काडतूस भरायचं हँडल ओढणार तेवढ्यात रेंज ऑफिसर ओरडत आला, रायफल खाली ठेवायला लावली. यूट्यूबवर तर सगळे मॅगझिनला खालून थाप मारा, हँडल ओढा, पुढे चला हेच सांगतात, मग बिघडलं काय?

तिरपा_नेम: वाचलास बाबा. फुस्स म्हणजे स्क्विब. काडतुसात पावडर नसली की नुसत्या प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) जोरावर गोळी निघते आणि बॅरलमधेच रुतते. गॅस पुरत नाही म्हणून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे येत नाही, आणि घात इथेच होतो, कारण हँडल ओढून पुढचं काडतूस आपणच भरतो. गोळी चेंबरला (काडतूस बसतं ती जागा) चिकटून अडकली असेल तर ते आत बसतच नाही, ते नशीब. जरा पुढे गेली असेल तर मस्त बसतं आणि ट्रिगर दाबला की बॅरल फुटते. ते व्हिडिओवाले समोरून कोणीतरी गोळ्या घालतंय असं धरून शिकवतात, रेंजवर कसली आलीय घाई! मित्र घरी रीलोड करतो का, म्हणजे काडतुसं स्वतःच भरतो का?

खाकी_रिटायर्ड: आणि नुसतं क्लिक झालं, आवाजच नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, कधी कधी बार उशिरा उडतो. आम्ही पोलिसात ७.६२ ची एसएलआर रायफल चालवायचो. रायफल अडकली की पोरं ती घेऊनच मागे वळायची, "उस्ताद, चलत नाही" म्हणत, आणि नळी थेट उस्तादाच्या पोटावर. शिव्या तर विचारूच नका.

ह्यूस्टनवाला: हो, रीलोड त्याचेच. आता बॅरल बघायची कशी? पुढून टॉर्च मारू?

तिरपा_नेम: पुढून अजिबात नाही!! मॅगझिन काढ, चेंबर रिकामं कर, दोन पिना ढकलून अपर (नळीवाला वरचा भाग) वेगळा कर, बोल्ट कॅरिअर बाहेर काढ, मग मागून उजेडाकडे बघ. आरपार दिसलं नाही तर गनस्मिथकडे दे, घरी ठोकाठोकी नको. अजून एक, त्याच्याकडे ३०० ब्लॅकआउट (एआर-१५ मधेच चालणारं, जाड गोळीचं काडतूस) आहे का? मॅगझिन तेच, बोल्ट तोच, आणि काही गोळ्या ५.५६ च्या, म्हणजे एआर-१५ च्या नेहमीच्या, चेंबरमधे जबरदस्तीने बसतात पण. मग रायफलच्या ठिकऱ्या.

ह्यूस्टनवाला: आहे की 😐 दोन्ही एकाच बॅगेत असतात.

तिरपा_नेम: मग ब्लॅकआउटच्या मॅगझिनांना लाल टेप आणि बॅग वेगळी, पुढच्या रेंजच्या आधी.