पेट्रोलचा लॉन मोवर डिसेंबर ते जून बंद राहणार आहे, ठेवताना काय करावं?

कळंब्याची_हिरवळ:
नमस्कार मंडळी. कळंब्यात सोसायटीचं लॉन आहे. मोवर चाकांचा, 160 सीसी फोर-स्ट्रोक, टाकी प्लॅस्टिकची. नोव्हेंबर संपला की गवताची वाढ मंदावते, उन्हाळ्यात पाण्याची ओढ, त्यामुळं पाऊस लागेपर्यंत मशीन खोलीत उभं. जूनमध्ये काढलं की ठरलेला त्रास: चोक दिला की चालतं, चोक काढला की आचके देऊन बंद. टाकी भरून ठेवायची की रिकामी? आणि पात्याला धार घरी लावली तर चालते का?

उद्यमनगर_फिटर:
चोकवरच चालतंय म्हणजे कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं) जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक असलेला तुकडा, चोंदलंय. चोक हवा अडवतो, म्हणून जेटमधून येणारं थोडं पेट्रोलही पुरतं. चोक काढला की हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन बंद. बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या वाटीत, उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं राहिलेला चिकट थर जेटच्या बारीक भोकात बसतो. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि बाऊल आतून गंजतो.

म्हणून टाकी रिकामीच करा. हातपंपाने पेट्रोल कॅनमध्ये काढा. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल नसतं, ताजं आहे तोवर स्कूटरला वापरून टाका. मग मोकळ्या जागेत मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बहुतेक जण इथंच थांबतात, पण बाऊलच्या तळात थोडं उरतंच. इंजिन गार झाल्यावर बाऊलचा ड्रेन बोल्ट ढिला करून तेही काढा. खाली वाटी धरा.

ऑइलही ठेवतानाच बदला, जूनमध्ये नको. जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती सहा महिने बेअरिंगला लागून राहते. इंजिन कोमट असताना काढलं की गाळ सोबत येतो. 10डब्ल्यू-30 चालेल. या मापाच्या इंजिनात साधारण अर्धा लिटरच्या आसपास बसतं, पण ओतताना डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) भरवसा ठेवा. काही इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघतात, काहींत पूर्ण फिरवून. माहितीपुस्तिका बघा, कारण जास्त भरलं तर ऑइल ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि निळा धूर सुटतो.

शेवटी स्पार्क प्लग काढून भोकात चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑइल सोडा. भोकावर फडकं धरून दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. मग दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथंच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, पावसाळी हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

लॉनवाला_पन्हाळा:
फिटर दादांचं बरोबर, एक पुरवणी. टाकी पत्र्याची असेल तर रिकामी टाकी आतून गंजते. तिला आतून ऑइलचा हात फिरवायचा, किंवा ताज्या पेट्रोलमध्ये फ्युएल स्टॅबिलायझर घालून, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावं म्हणून दहा मिनिटं इंजिन चालवून टाकी भरून ठेवायची. तुमची प्लॅस्टिकची आहे, रिकामीच ठेवा.

आता पातं. आधी प्लगची टोपी काढा, त्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. पातं हाताने फिरलं तरी इंजिन पेटू शकतं. मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर. उलट केलं तर ऑइल फिल्टर आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. खालच्या पत्र्याला चिकटलेला गवताचा थर लाकडी पट्टीने खरवडा. तो ओल धरतो आणि पत्रा तिथंच सडतो.

धार घरी लागते. मूळ कोन, साधारण 30 अंश, तोच ठेवून फक्त वरच्या बाजूने कानस चालवा. ग्राइंडर वापरला आणि कड निळी पडली तर पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं समजा, ती धार टिकत नाही. दोन्ही टोकं सारखी घासली गेली का, ते भिंतीतल्या खिळ्यावर मधलं भोक अडकवून बघा. जी बाजू खाली जाते तिथलं आणखी घासा, पण धारेवर नको, मागच्या टोकाला. तोल चुकला की हँडल थरथरतं आणि क्रँकचं (पातं फिरवणाऱ्या इंजिनच्या दांड्याचं) बेअरिंग जातं. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, नवीन घ्या. बसवताना पात्याच्या टोकांच्या वळलेल्या कडा वर, पत्र्याकडे.

कळंब्याची_हिरवळ:
खूप आभार. आता चोंदलेलं जेट कसं साफ करू? आणि दोरी ओढली की कधीकधी उलटा झटका बसतो, तो यातलाच का?

उद्यमनगर_फिटर:
नाही, झटका वेगळा. पातं दगडाला किंवा स्प्रिंकलरच्या नळाला धडकलं असेल तर फ्लायव्हीलची (इंजिनवरच्या जड चाकाची) चावी, म्हणजे चाक क्रँकवर पक्कं धरणारी छोटी पट्टी, अर्धवट कापली जाते. ती मऊ धातूची मुद्दामच असते, क्रँक वाचावा म्हणून. पण चाक जरा सरकलं की ठिणगी वेळेआधी पडते आणि दोरी उलट खेचते. फ्लायव्हील काढून चावी बघा. कडेला पायरी पडलेली दिसली की बदला. चाक ओढून काढायचा पुलर लावा, हातोडा नको.

जेट: बाऊल काढा, रबरी गॅस्केट आणि फ्लोटची (बाऊलमधल्या तरंगत्या भागाची) सुई आधी बाजूला ठेवा, क्लीनरने रबर फुगतं. जेट स्क्रू ड्रायव्हरने काढून क्लीनर मारा आणि वायरमधली तांब्याची एकच तार भोकातून ओढा. स्टीलची सुई किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की मशीन कायम जास्त पेट्रोल खाईल. उजेडाकडे धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

लॉनवाला_पन्हाळा:
बांधावरचं गवत कापायचा टू-स्ट्रोक ब्रश कटरही असेल तर टाकीतलं मिश्रण तसंच ठेवू नका. टाकी ओतून रिकामी करा, बंद पडेपर्यंत चालवा. जूनमध्ये नवीन मिश्रण: 25:1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल), 50:1 असेल तर 20 मिली. मोवर आणि कटर दोन्ही प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत दव धरतं. फळीवर ठेवून वर सुती चादर टाका, आणि खोलीत गॅस गिझर किंवा शेगडी नको. महिन्यातून एकदा पंख्याच्या जाळीत उंदरांनी घर केलं नाही ना, ते बघा. ते गवत इंजिनच्या पंखांत राहिलं तर इंजिन तापून जाम होतं.