फाशीची शिक्षा रद्द करावी का? माझं मत डळमळलंय

नगरी_८८
मंडळी, विषय आधी चघळून झाला असेल तर माफ करा. मी नगरचा. २०१६ ला कोपर्डीच्या बलात्कार-खुनानंतर जो मूक मोर्चा निघाला त्यात मी होतो, हातात फाशीच्या मागणीचा बोर्ड, आणि मोर्चा पुढे गेल्यावर मागे थांबून पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही गोळा केल्या. नोव्हेंबर २०१७ ला सेशन कोर्टाने तिघांना फाशी दिली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं संपलं. पण मग हायकोर्ट, तारखा, आणि २०२३ मध्ये मुख्य आरोपीने येरवड्यातच गळफास घेतला. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याची वाट बघत होतो ते काय होतं नेमकं? त्यात भाची लॉ करतेय, ती जेवताना सहज म्हणाली, मामा, चुकीच्या माणसाला दिली तर? मी वरण ओतून घेतलं आणि विषय बदलला. तुम्हाला काय वाटतं? प्लीज शिव्या नकोत.

पेठेतले_आजोबा
रद्द? अजिबात नाही. तुम्ही लोकांनी ७६ सालचं पुणं बघितलेलं नाही. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा मी कॉलेजात होतो. ऑक्टोबरच्या शेवटी जोशी, महिन्याभराने भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या घरात पाच माणसं, एका रात्रीत. संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडायचे, आमच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा दाराला साखळी बसवून घेतली आणि दूधवाल्यालाही आधी नाव विचारायचे. करणारी कोण, तर कला महाविद्यालयातली पोरं, दिसायला आपल्यासारखीच. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह, चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली आणि पुण्याने सुटकेचा श्वास घेतला. त्यांना पोसायचं होतं का जन्मभर? ज्याच्या घरचं माणूस जातं त्याला विचारा.

काळाकोट
सेशन कोर्टात वीस वर्षं काढलीत, जिल्हा सांगत नाही. आधी नगरीभाऊंचा गैरसमज दूर करतो. सेशनने फाशी दिली तरी हायकोर्टाने कन्फर्म केल्याशिवाय ती अमलात येतच नाही, केस आपोआप वर जाते, आरोपीने अपील केलं नाही तरी. पेढे घाईत वाटलेत तुम्ही :)
आणि वर गेल्यावर काय होतं? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६ चा अहवाल आहे, २००० ते २०१५ मधल्या फाशीच्या शिक्षांवर. शेवटपर्यंत टिकलेल्या जेमतेम पाचेक टक्के, आणि तीसेक टक्के लोक तर चक्क निर्दोष सुटलेले. म्हणजे खाली जी फाशी होते ती बहुतेकदा संतापाला उत्तर असते, त्यात मीडिया बाहेर उभा.
भाचीच्या प्रश्नाला आपल्याच राज्यातली केस सांगतो. २००३, एका कुटुंबातले पाच जण मारले गेले, बलात्कारही. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काय करावं, तर जन्मठेपवाल्यांनाही फाशी! सहाच्या सहा. पुढे त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे निघालं. आणि मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई. जखमी होऊन वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळेच लोक ओळखले होते, ते कागदावर होतं हो, लपलेलं नव्हतं! सोळा वर्षं आत. मधल्या काळात कोणी 'तत्परता' दाखवली असती तर पाच लाख कोणाच्या हातात दिले असते?

रंकाळा_संध्याकाळ
काळाकोट, केस वाचून काटा आला, मान्य. पण मी कोल्हापूरची आहे, आमच्याकडची गावित बहिणींची केस विसरू नका. लहान लेकरं पळवायची, चोरीत पकडलं जायची वेळ आली की ढाल म्हणून वापरायची, नकोशी झाली की मारून टाकायची. माझी आई त्या वर्षी मला शाळेतून आणायला स्वतः यायची आणि जत्रेत हात इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी व्हायची. २००१ ला फाशी, २००६ ला सुप्रीम कोर्टात कायम, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. इथे तर पुराव्याचा घोळ नव्हता ना? तरी २०२२ ला हायकोर्टाने जन्मठेप केली, का, तर सरकारने दयेच्या अर्जाची फाइल जवळजवळ आठ वर्षं रखडवली म्हणून. फाइल कोणाच्या टेबलावर पडली होती त्याला कोणी काही विचारलं का? मला राग कोर्टाचा नाही येत, त्या टेबलाचा येतो.

काळाकोट
ताई, राग बरोबर आहे. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ प्रकरणातही (कॉल सेंटरमधल्या तरुणीचा बलात्कार-खून) तेच झालं, दोघांच्या फाशीची तारीख ठरलेली, आणि २०१९ ला दिरंगाईमुळे ३५ वर्षांची जन्मठेप. पण ३५ हा आकडा बघा. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत बाहेर' हे पिक्चरमधलं आहे. चौदा ही किमान मर्यादा आहे, त्यानंतर सरकार सूट देऊ शकतं, द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि २००८ पासून कोर्ट ठरावीक वर्षं सूटच नाही अशीही शिक्षा देतं. आजोबांची भीती, की हा उद्या परत गल्लीत दिसेल, तिला हे उत्तर आहे.

साळगावचो_भाट
गोव्यातून. आमच्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ लाच काढून टाकली होती. त्यांची बाकीची कर्मं माहीत आहेत, कौतुक नाही करत, पण 'फाशी गेली की देश बुडतो' म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं. आणि घटना समितीत ३ जून १९४९ ला बाबासाहेब स्वतः म्हणाले होते की फाशीची शिक्षाच रद्द करावी. २०१५ ला विधी आयोगानेही तेच सुचवलं, फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून.

नगरी_८८
हे बाबासाहेबांचं माहीत नव्हतं. आयोगाने दहशतवाद का वगळला पण? चुकीचा माणूस तिथे पकडला जात नाही काय, उलट तिथे तर जास्तच प्रेशर असतं पोलिसांवर. माझं म्हणाल तर कोपर्डीच्या बाबतीत मनातून अजूनही फाशीच येते, पण बोर्ड परत हातात घेईन का… माहीत नाही.

पेठेतले_आजोबा
माझं मत आहे तेच आहे. जक्कल-सुतारच्या केसमध्ये शंकाच नव्हती, त्यांच्यातलाच एकजण माफीचा साक्षीदार झाला होता. पण वकीलसाहेब, एक राहूनच गेलं. त्या बाईने अल्बममधून ओळखलेले ते चौघे? त्यांचं काय झालं?

काळाकोट
आजोबा, त्यांच्यावर आरोपपत्रच दाखल झालं नव्हतं.