परवाना मिळाला, पण पिस्तूल रिकामं करता येतं का?

बालाघाटी
माझं म्हणणं आधीच सांगतो. ज्याला शस्त्र परवाना मिळालाय त्याने स्वतःचं शस्त्र परीक्षकासमोर भरून, चालवून आणि रिकामं करून दाखवल्याशिवाय ते त्याच्या घरी जाऊ नये. 2016 च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची अट आहेच: हाताळणी, गोळीबार, देखभाल, साठवण, ने-आण. पण आमच्याकडे त्या प्रमाणपत्राकडे लोक गाडीच्या पीयूसीसारखं बघतात. फाईलला लावायचा आणखी एक कागद!

आमच्या एका पाहुण्याने नवं पिस्तूल दाखवायला काढलं. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, चेंबरमधली (बार होण्याआधी गोळी बसते त्या नळीच्या मागच्या जागेतली) गोळी बाहेर उडाली. मग मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढलं आणि "रिकामं झालं, घ्या हातात" म्हणाला. झालं नव्हतं. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली की जुनी गोळी बाहेर पडते आणि दुसरी चेंबरमध्ये जाऊन बसते. म्हणून आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि वर बोट घालून चाचपायचा. एवढा क्रम ज्याला माहीत नाही त्याला शासनाने पाच वर्षांचा परवाना दिलाय.

1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेता गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना हातातून निसटलं, एवढंच निमित्त. कुणी शत्रू नव्हता, भांडण नव्हतं.

गोदाकाठ
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, तेव्हा बीडमधले शस्त्र परवाने चर्चेत आले. हजाराच्या वर निघाले, आणि मग प्रशासनाने त्यातले बरेच रद्द केले. रद्द करताना कुणाचा नेम कच्चा आहे हे बघितलं नाही, कुणावर गुन्हे आहेत ते बघितलं. आपल्याकडे कमरेचं पिस्तूल जीव वाचवायला कमी आणि वट दाखवायला जास्त असतं. अशा माणसाला शिकवून काय साधणार? नेम सुधारेल त्याचा, बस. प्रशिक्षणाचा शिक्का बसला की "मी शिकलेला आहे, द्या परवाना" असा हक्क सांगायला हेच लोक पहिले येतील. आधी गरज तपासा, परवाने कमी करा, मग शाळा काढा.

निवृत्त_सुभेदार
गोदाकाठ, परवाने कमी व्हावेत हे मान्य. पण जे दिलेत त्यांचं काय? ती शस्त्रं आज घराघरात आहेत.

बालाघाटींनी गोविंदांचं उदाहरण दिलंय म्हणून सांगतो. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडी, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा घोडा, अडवून धरणारा तुकडाच नसतो. असं शस्त्र हातोडीवर पडलं तर चाप न ओढता बार होऊ शकतो. म्हणून जुने लोक फिरत्या चक्रातलं हातोडीखालचं गोळीचं घर रिकामं ठेवायचे, सहाच्या जागी पाचच गोळ्या. हे दुकानात सांगत नाहीत.

दुसरं, बारा बोअरच्या, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीवाल्यांसाठी. खिशात बारा आणि वीस बोअरची काडतुसं कधीच एकत्र ठेवू नका. आकडा मोठा असला तरी विसाचं काडतूस बारीक असतं, ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं. वरून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं, तो बाराचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. नळी फाटते, सोबत डावा हात जातो. वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळी करतात ती याचसाठी.

आणि चाप ओढला पण बार झाला नाही, तर लगेच उघडून बघायचं नाही. नळी मोकळ्या दिशेला, तशीच, निदान अर्धा मिनिट. बार उशिरा होऊ शकतो. नवशिका माणूस नेमका त्याच वेळी नळीत डोकावतो, हे मी रेंजवर पाहिलंय. बाकी चार गोष्टी एनसीसीच्या पोरांनाही पाठ असतात: शस्त्र कायम भरलेलंच समजा, नळी माणसाकडे नको, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि निशाणामागे काय आहे ते आधी बघा. बावीस बोअरची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते.

तूर_सोयाबीन
सायेब, समदं बराबर बोलायलाव. पर हे शिकायचं कुठं? मी किनवटकडचा. रोही आन् रानडुकरं रातीतून सोयाबीन झोपवायलेत. पिकासाठी बारा बोअरचा परवाना काढायचा तर आधीच तहसील, पोलीस, कलेक्टर हपिसाच्या चकरा. जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी आणखी येगळी. त्यात आता तुमची परीक्षा. ज्याच्याकडं पैसा हाय तो दलाल धरून पास हुईल, आन् आमी माळ्यावर बसून डबडं वाजवत ऱ्हाऊ. वट दाखवायलेत ते येगळे, शिक्षा आमाला कामून?

गोदाकाठ
दादा, तुमच्यासारख्यांबद्दल माझी तक्रार नाहीच. माझा रोख लग्नात हवेत बार काढणाऱ्यांवर आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलेत. तरी वरातीत चालतंच, वर रील पण टाकतात. हवेत मारलेली गोळी खाली कुठेतरी येतेच हे त्यांना कळत नाही असं नाही. फिकीर नाही. अज्ञान असेल तर शिकवता येतं, मस्तीला शिकवणी काय करणार?

बालाघाटी
मस्तीलाही करते थोडी. ज्याला परीक्षेत चारचौघांत नापास व्हावं लागेल, तो मिरवायला अर्ज करणार नाही.

लातूरची_सून
सगळे बंदूक चालवण्यावर बोलताय. ती घरात पडून असते त्याबद्दल कुणी बोलेना. आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक आहे. परवाना एकाच्या नावावर, पण घरात राहतो आम्ही सात जण. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते, आचारसंहिता संपली की परत येते आणि पुन्हा त्याच कपाटावर. लेकरं दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाने खेळतात, त्यांना फरक काय कळणार?

मी भांडून दोन गोष्टी करून घेतल्या. बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नाहीत. अर्ज करताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून देतात म्हणे. घरी येऊन कपाट बघायला आजवर कुणी आलेलं नाही. परीक्षा घ्यायची तर घरच्या बायकांचीही घ्या, बंदूक उघडून ती रिकामी आहे का हे बघण्यापुरती. नवऱ्याला काही झालं तर ती उचलून ठाण्यात नेणार आम्हीच ना?

गोदाकाठ
ताई, हे पटलं. कपाट बघून मगच परवाना, याला माझा विरोध नाही. परवाने वाटायला मात्र अजूनही विरोधच.

निवृत्त_सुभेदार
तूर_सोयाबीन, दलालाची भीती खरी आहे. त्यावर एकच उपाय सुचतो, परीक्षा खाजगी माणसाच्या हातात देऊच नये. राज्य राखीव पोलीस दलाचे गट जालन्यात आहेत, हिंगोलीत आहेत. वर्षातून चार दिवस परवानाधारकांसाठी ठेवायचे. हिंगोली तुम्हाला संभाजीनगरपेक्षा जवळ पडते. काडतुसांचा खर्च पिकाच्या परवान्याला शासनाने करावा.

तूर_सोयाबीन
हिंगोलीला ठेवायलाव तर येतो. पर तारीख सुगी झाल्यावरची धरा, आन् ते विसाच्या काडतुसाचं पोरालाबी समजून सांगा, त्येच येतंय माझ्यासंगं राखणीला.