गुठळी विरघळवण्याच्या उपचारानंतर वाढलेल्या डी-डायमरचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार. माझ्या सासऱ्यांना (वय 71) गेल्या महिन्यात मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडल्याचे लगेच लक्षात आल्यामुळे साडेचार तासांच्या मुदतीत रुग्णालय गाठता आले आणि सी.टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करून डॉक्टरांनी त्यांना अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध दिले. 24 तासांनंतरच्या स्कॅनमध्येही रक्तस्राव आढळला नाही. आता ते आधाराने चालतात. हाताची पकड मात्र कमी आहे आणि हवा तो शब्द ओठांवर न आल्याने त्यांची होणारी तगमग पाहवत नाही.

माझा प्रश्न त्यांच्या रक्ततपासण्यांविषयी आहे. उपचारानंतर दुसऱ्या दिवशी फायब्रिनोजेन (रक्त गोठण्यासाठी लागणारे प्रथिन) 230 होते, म्हणजे 200 ते 400 या नेहमीच्या मर्यादेत, त्यामुळे त्याची काळजी नाही. डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा तुकडा) मात्र तेव्हा 1400 होते आणि घरी आल्यावर दुसऱ्या प्रयोगशाळेत केलेल्या तपासणीत ते 1300 आले. एवढ्या दिवसांत आकडा जेमतेम शंभराने उतरला, म्हणजे गुठळ्या अजून होतच आहेत, अशी धास्ती घरात सर्वांनी घेतली आहे. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहिले तेव्हा पहिल्यात एकक डी.डी.यू. (डी-डायमर एकक) आणि दुसऱ्यात एफ.ई.यू. (फायब्रिनोजेन-समतुल्य एकक) असे दिसले. एफ.ई.यू.मधील आकडा साधारण दुप्पट येतो असे वाचले आहे. तसे असेल तर पहिला आकडा जवळपास 2800 धरावा लागेल आणि घट निम्म्याहून अधिक ठरेल. ही तुलना योग्य आहे का, की दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे असे रूपांतर करूच नये?

अल्टेप्लेजमुळे शरीरातील प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन होते, ते गुठळीतील फायब्रिनचे धागे तोडते आणि त्या तुकड्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर, हे मला समजले आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी तो वाढलेला असणे स्वाभाविक वाटते. परंतु औषधाचा अंमल संपून इतके दिवस झाल्यावरही तो 500 या नेहमीच्या मर्यादेवर का असावा? त्यांचे वय आहेच. शिवाय गिळण्याच्या त्रासामुळे मध्यंतरी फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्याचेही (एट्रिअल फिब्रिलेशन) निष्पन्न झाले आहे. पायांच्या डॉप्लर तपासणीत गुठळी आढळली नाही. एवढ्या कारणांनी ही वाढ समजण्यासारखी आहे, की आणखी काही शोधायला हवे?

ठोक्यांच्या अनियमिततेसाठी त्यांना ॲपिक्सॅबॅन हे गुठळी होऊ न देणारे औषध सुरू झाले आहे. ते चालू असताना डी-डायमर पुन्हा तपासून उपचारात काही बदल होतो का? माझे दीर दर आठवड्याला तपासणी करावी असे म्हणतात. मला वाटते की त्यांची सुधारणा या आकड्यावरून नव्हे, तर हाताची हालचाल, बोलणे आणि रोजची कामे यांवरून मोजावी, आणि तपासणीचा खर्च वाचा-उपचारतज्ज्ञाकडे वळवावा. पुढील भेटीत मेंदुविकारतज्ज्ञांना हे सर्व विचारणारच आहोत. तत्पूर्वी जाणकारांनी, विशेषतः ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी, या तपासण्या पुढे किती काळ चालू ठेवल्या आणि बोलणे सुधारण्यासाठी कोणते व्यायाम उपयोगी पडले, हे कृपया सांगावे.