चाकणला खोली घ्यावी की साताऱ्याहून शिरवळला रोज ये-जा करावी?

प्रश्न
माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला असून दोन कारखान्यांतून बोलावणे आले आहे. चाकणला हातात ३०,००० रुपये मिळतील, मात्र तिथे खोली घेऊन राहावे लागेल. शिरवळला २४,००० मिळतील, पण कंपनीची बस साताऱ्यातूनच सुटत असल्यामुळे घरी राहता येईल. भावाला चाकण योग्य वाटते, तर आईचा ओढा शिरवळकडे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
ताई, सहा हजारांचा हा फरक कागदावरचा आहे. कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहिलात तरी भाडे, खाणावळ आणि शनिवार-रविवारचे साताऱ्याला येणे यांत तो संपून वरून पदरचे घालावे लागण्याचीच शक्यता अधिक. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा भार हलका होईल. भाड्याचा होणार नाही. ‘हातात’ म्हणजे पीएफ कापून का, हेही दोन्हीकडे विचारून घ्या, कारण वार्षिक पॅकेजमध्ये कंपनीचा वाटाही धरलेला असतो आणि पगाराच्या दिवशी तो खात्यात दिसत नाही. बचत हाच हेतू असेल, तर शिरवळ.

उत्तर २
वरील हिशेब बरोबर आहे, परंतु त्यात वेळ धरलेला नाही. सातारा ते शिरवळ अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि मध्ये खंबाटकी घाट येतो. सकाळी पुण्याच्या दिशेने जाताना बोगदा मिळतो. संध्याकाळची परतीची वाहतूक मात्र वर्षानुवर्षे घाट चढूनच गेली आहे, आणि चढावर एखादा अवजड ट्रक बंद पडला की मागची रांग घाटाखालच्या (सातारा जिल्ह्यातल्या) खंडाळ्यापर्यंत येते. मी स्वतः या मार्गाने नोकरी केली आहे. अंगाला खरा त्रास होतो तो पाळी बदलल्यावर: पहिल्या पाळीसाठी पहाटेच घर सोडावे लागते आणि दुसरी पाळी संपवून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. म्हणून होकार देण्यापूर्वी बस तिन्ही पाळ्यांना आहे का आणि जादा काम पडल्यास परत कोण सोडणार, हे स्पष्ट करून घ्या. आणखी एक सांगावेसे वाटते. चाकण परिसरात वाहन उद्योगातले मोठे आणि छोटे कारखाने एकमेकांना लागून आहेत. दोन वर्षांच्या अनुभवावर नोकरी बदलायची झाली, तर राहण्याची जागा न बदलता बदलता येते. आपले वय आणि शिक्षण पाहता मी याला भाड्यापेक्षा अधिक महत्त्व देईन.

उत्तर ३
चाकण ठरलेच, तर पहिल्याच महिन्यात मोठी अनामत देऊन अडकू नका. स्वतंत्र खोली घेतल्यास लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. कॉट बेसिसवर अनेकदा कोणताही कागद होत नाही, अशा वेळी निदान अनामतीची पावती घ्या आणि रक्कम रोख न देता खात्यावरूनच पाठवा.