वाफ्यावरची जाळी पक्कीही हवी, रोज उघडायलाही हवी

काळी_माती: परसात ४ बाय १० फुटांचा वाफा आहे. कोबी, फ्लॉवर, कडेला मेथी. वर नायलॉनची पक्ष्यांची जाळी, कडेला विटा. बुलबुल कोपऱ्यातून आत शिरतात, आणि मेथी खुडायची तर रोज आठ विटा हलवा. शिवाय कोबीवर अळी आहेच. काय बदलू?

वाफेकरी: आधी जाळी बदला. अळी म्हणजे बहुधा चौकोनी ठिपक्याचा पतंग. तो पक्ष्यांच्या जाळीतून आरामात जातो. ४० मेशची (इंचाला ४० छिद्रं) कीटकरोधक जाळी घ्या, तिने पक्षीही थांबतात.

सांगाडा असा: १० एमएम सळईचे २ फुटी ८ तुकडे, निम्मे जमिनीत. त्यांच्यावर अर्ध्या इंचाच्या काळ्या एचडीपीई (वाकणारं प्लास्टिक) पाइपच्या ४ कमानी. ७ फुटी तुकड्याची कमान मधोमध साधारण अडीच फूट उंच होते, फ्लॉवरला पुरते. माथ्याखालून आडवा बांबू प्रत्येक कमानीला बांधा. तो नसला की जाळी ताणताना टोकाच्या कमानी आत कलतात आणि पावसात जाळीला झोळ येतो.

आता मुख्य गोष्ट. जाळीची टोकं पोत्याच्या तोंडासारखी आवळून खुंटीला बांधली, तर बाजू वर होतच नाही. म्हणून टोकाच्या दोन कमानींना जाळीचे वेगळे अर्धगोल तुकडे कायमचे शिवून टाका, खालची कड मातीत. वरची जाळी ११ फूट लांब, ९ फूट रुंद घ्या. मागची कड ६ इंच खोल चरात गाडा. पुढची कड १ इंची, ११ फुटी पीव्हीसी पाइपला गुंडाळून बांधा. पाइपात कोरडी वाळू, तोंडांना एंड कॅप. वजन चार किलोच्या आसपास भरतं. उघडताना पाइप गुंडाळत माथ्यापर्यंत न्या आणि बांबूला टांगलेल्या दोन एस हुकांत अडकवा. विटा नकोत.

गच्चीवरचा_मळा: टोकाच्या कमानींवर क्लिपाही लागतील, नाहीतर वाऱ्याने तिथेच फट पडते. उरलेल्या काळ्या पाइपचे २ इंची तुकडे करा, लांबीच्या दिशेने एक तृतीयांश पट्टी कापून काढा, कडा पॉलिश कागदाने घासा. धारदार राहिल्या तर जाळी नेमकी तिथेच फाटते. पुढच्या बाजूला प्रत्येक कमानीवर तीन पुरे.

काळी_माती: याच वाफ्यात पुढे काकडी चालेल?

वाफेकरी: फुलं येईपर्यंतच. मग मधमाशीसाठी सकाळी बाजू वर ठेवा, नाहीतर हाताने परागीकरण करा. आणि जुन्या कोबीच्या जागी पुन्हा कोबी लावून लगेच झाकू नका. झडलेल्या पानांवर कोष राहिले असतील तर पतंग आतच निघतो आणि जाळी त्यालाच राखते. पाला आधी उचला. पानं जाळीला टेकू देऊ नका, बाहेरून अंडी घातली जातात.

मेलबर्नकर: ती नायलॉनची जाळी परसात सैल टाकून ठेवू नका. धामण अडकली की पुढे सरकत जास्तच आवळली जाते. इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं छिद्र ताणल्यावर ५ एमएमपेक्षा मोठं असलेलं चालत नाही, ते वन्यजीव अडकतात म्हणूनच. ४० मेशला ती अडचण नाही.